पुराच्या पाण्यावरचा उजेड

आज आम्ही एका पुराच्या चित्राची गोष्ट सांगणार आहोत. रेडिओवर चित्र दिसत नाही, म्हणून ते शब्दांतूनच बघू या.

फ्रान्समध्ये पॅरिसच्या पश्चिमेला सेन नदीकाठी पोर-मार्ली नावाचं गाव आहे. १८७६ साली तिथं पूर आला. जवळच राहणारा आल्फ्रेड सिस्ले हा चित्रकार तिथं गेला आणि त्यानं त्या पुराची सहा-सात चित्रं काढली.

त्यातलं एक बघा. दारूविक्रेत्याचं फिकट रंगाचं घर पाण्यात उभं आहे. रस्ता गेलाय, होडी आलीय. पण रडारड, आरडाओरडा कुठंच नाही. वर ढगांनी भरलेलं मोठं आकाश आहे आणि तोच उजेड खाली पाण्यावर उतरलाय. सिस्ले चित्राची सुरुवात आकाशापासून करायचा, कारण वरचा उजेड बदलला की खालच्या सगळ्याचा रंग बदलतो. म्हणून पाणी त्यानं एकाच निळ्या रंगानं सारवलेलं नाही. करडे, पांढरे, पिवळसर असे तुटक फटकारे शेजारी शेजारी ठेवलेत. लांबून बघितलं की पाणी हलल्यासारखं वाटतं. पूर ओसरायची वाट बघताना घरात जी शांतता असते, तीच त्या चित्रात आहे.

अशी चित्रं तेव्हा मोठ्या सरकारी प्रदर्शनात सहसा घेत नसत. म्हणून सिस्ले, मोने, पिसारो, बेर्त मोरिझो ही चित्रकर्ती आणि इतरांनी वर्गणी काढून सहकारी संस्था केली. १८७४ मध्ये स्वतःचं प्रदर्शन भरवलं. टीकाकारांनी 'इम्प्रेशनिस्ट' म्हणून टिंगल केली. वर्षअखेर हिशोब मांडला तर कर्ज निघालं आणि संस्था बंद करावी लागली. पण माणसं पांगली नाहीत. १८८६ पर्यंत त्यांनी एकूण आठ प्रदर्शनं भरवली.

सिस्ले १८९९ मध्ये गरिबीतच वारला. दुसऱ्याच वर्षी त्याचं पोर-मार्लीच्या पुराचं एक चित्र लिलावात ४३,००० फ्रँकला गेलं. त्यातला एक पैसाही त्याच्या हाती लागला नाही.

आपल्या गटातही कुणाची गोधडी, कुणाची टोपली असते. तिचा भाव करणारी जिवंत असतानाच ठरायला हवा, असं आम्हाला वाटतं. पुढच्या बैठकीत यावर जरूर बोला.