चराई : खुलताबाद परिसरातील जमीन व पाण्यावरील परिणाम

खुलताबाद तालुक्यात म्हैसमाळ, शूलिभंजन व वेरूळच्या डोंगरउतारांवर आणि गावोगावच्या गायरानांत गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्या मोकळ्या चरतात. त्याचा माती, गवत व पाणी यांवर होणारा परिणाम हा या नोंदीचा विषय. हा दख्खनच्या काळ्या कातळाचा मुलूख आहे. उतारांवर बहुतेक ठिकाणी मातीचा थर वीतभरही नसतो. खाली मुरूम, मग खडक. जिल्ह्याचा सरासरी पाऊस 700 मिमीच्या आसपास, तोही मुख्यतः चार महिन्यांत पडणारा. अशा जमिनीला गवताची मुळे हाच खरा बांध. म्हैसमाळच्या डोंगरात उगम पावणारी गिरिजा पूर्णेला मिळते, येळगंगा वेरूळच्या लेण्यांपाशी कड्यावरून कोसळते. म्हणून माथ्यावरच्या चराईचे परिणाम खालच्या शिवारालाही भोगावे लागतात.

नुकसानीचे खापर सहसा जनावरांच्या संख्येवर फुटते. संख्येला महत्त्व आहेच. सुमारे 300 किलो वजनाच्या गाईला रोज सहा-सात किलो कोरडा चारा लागतो आणि उतारावरचे गवत मर्यादित असते. पण जनावर कधी चरते, हे त्याहून निर्णायक ठरते. जूनच्या पहिल्या पावसानंतर गवत मुळांतली शिल्लक खर्चून पाने काढते. ती पाने तेव्हाच खुडली गेली की मुळे खुरटतात. मारवेल, पवन्या ही जनावरांच्या आवडीची बहुवर्षायू गवते बी धरण्याआधीच संपतात, आणि त्यांच्या जागी तरवड, टाकळा, घाणेरी पसरतात. त्यात माती ओली असताना खूर रुततात. मातीतल्या पोकळ्या दबतात, पाणी मुरेनासे होते आणि वरून वाहू लागते. उतारावर सरळ खाली जाणारी गुरांची वाट पाहिली की हे कळते : तिच्यात पाण्याचा लोट धरतो, काही पावसाळ्यांत ओघळ पडतो, आणि वाहून गेलेली माती बंधाऱ्यात गाळ होऊन बसते. पाणवठ्यावर याची आणखी एक बाजू दिसते. उन्हाळ्यात डोहात उभ्या राहिलेल्या जनावरांचे शेण-मूत पाण्यात पडते. नत्र-स्फुरद वाढून शेवाळ माजते, प्राणवायू घटतो, आणि तेच पाणी पिणाऱ्यांना आजाराचा धोका राहतो. काठ तुडवला गेल्याने तिथली झुडपेही टिकत नाहीत. पात्राबाहेर हौद बांधून पाणी दिल्यास यातले बरेच टळते. या साध्या उपायाकडे फार दुर्लक्ष होते.

मग चराई सरसकट बंद का करू नये? अहिल्यानगर जिल्ह्यातील राळेगणसिद्धी व हिवरे बाजार यांनी चराईबंदी व कुऱ्हाडबंदी पाळली आणि त्यांचे डोंगर हिरवे झाले, हे खरे आहे. मात्र तिथे समतल चर, बांध, झाडे ही कामेही झाली आणि ग्रामसभा पाठीशी होती. हिवरे बाजारात गवत कापून नेण्याची मुभाही होती. नुसती बंदी लादली तर तिचा भार दोन-चार शेळ्यांवर जगणाऱ्या भूमिहीनांवर पडतो. 2019 च्या पशुगणनेनुसार राज्यात शेळ्या 1 कोटीहून अधिक होत्या, आणि त्यांतल्या बऱ्याच अशा गरीब घरांतल्या. शेळी झाडे संपवते, हा आक्षेप कोवळ्या रोपवनापुरता खरा. पण ती झुडपांचा पाला ओरबाडते, गवतावर तिचा भार गाईइतका नसतो. शिवाय गायराने अतिक्रमणाने आक्रसत गेली की उरलेल्या तुकड्यावर सगळ्या गावाची जनावरे एकवटतात; हा दोष गुराख्याचा नव्हे. ग्रामसभेच्या जमिनींवरची अतिक्रमणे हटवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2011 मध्ये दिला होता.

कायम न चरलेले माळरानही बिघडते : जुने गवत साचते, नवी फूट दबते आणि वणव्याला सरपण मिळते. त्यामुळे पट्टे पाडून आळीपाळीने चराई करणे या उतारांना मानवेल. मारवेल-पवन्याचा पट्टा जूनपासून बी झडेपर्यंत राखायचा आणि नंतर कापायचा किंवा चारायचा. कुसळी गवताचा पट्टा मात्र माती थोडी वाफशावर येताच, कुसळे धरण्याआधी मोकळा करायचा, कारण एकदा कुसळे आली की जनावर त्या गवताला तोंड लावत नाही.