राज्याची चोपडी

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी बोईसरच्या बाजारात अजूनही चोपड्यांची पूजा होते. दुकानदार गल्ल्यासमोर पाट मांडतो, नव्या वहीवर हळदकुंकू वाहतो आणि पहिल्या पानावर ‘श्री’ काढतो. हिशेब आता यंत्रात गेला असला, तरी पूजेला वही लागतेच. ते पाहिले की माझ्या मनात येते, दुकानाला चोपडी असते तशी राज्यालाही असते; पण तिची पूजा कोणी करीत नाही. बहुधा ती रद्दीत जाते आणि तिच्या पानांत फुटाणे बांधून मिळतात.

राज्याची चोपडी म्हणजे सरकारी प्रकाशने. राजपत्रे, जनगणनेचे खंड, अंदाजपत्रके, विधिमंडळातील चर्चांचे वृत्तांत, नाना समित्यांचे अहवाल. एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात ही प्रकाशने सांभाळण्याचे काम मी कित्येक वर्षे केले. कादंबऱ्यांच्या कपाटापाशी सदा गर्दी असे. माझ्या कपाटापाशी एक पाल असे आणि मी.

वाचक म्हणतील, असल्या रूक्ष कागदांत जपण्यासारखे काय आहे? त्याला माझे उत्तर आहे, ते मिठाचे.

१८८८ पासून मिठावर मणामागे अडीच रुपये कर होता. आमच्या या किनाऱ्यावर मिठागरे नजरेसमोर पसरलेली, आणि गरिबाच्या भाकरीवरचे मीठ मात्र महाग! १८९७ साली गोपाळ कृष्ण गोखले हे तिशीतले प्राध्यापक लंडनला वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला गेले. हिंदुस्थानच्या खर्चाचा विचार करण्यासाठी नेमलेला हा आयोग. गोखल्यांच्या हाती होती ती सरकारनेच छापलेली आकडेवारी. ती चाळून, जुळवून देण्यात गणेश व्यंकटेश जोशी या शाळामास्तरांचा मोठा वाटा होता. पुढे १९०२ साली वरिष्ठ कायदेमंडळात सरकार शिलकी अंदाजपत्रकाचा तोरा मिरवीत असता, ही शिलक रयतेच्या भरभराटीची नसून जास्तीच्या करांची आहे, असे गोखल्यांनी सरकारच्याच आकड्यांवरून दाखवून दिले. १९०३ साली मिठाचा कर आठ आण्यांनी उतरला, आणि १९०७ पर्यंत तो एका रुपयावर आला. एकट्या गोखल्यांमुळे हे झाले असे मी म्हणत नाही. पण सावकाराशी भांडायचे तर सावकाराचीच वही उघडावी, ही युक्ती त्यांनी देशाला शिकवली. पुण्यात १९३० साली त्यांच्या नावाने निघालेल्या अर्थशास्त्र संस्थेच्या ग्रंथालयात अशा वह्यांना मानाचे स्थान मिळाले, ते योग्यच झाले. धनंजयराव गाडगीळ त्या संस्थेचे पहिले संचालक; ग्रंथालयाला आज त्यांचेच नाव आहे.

दुसरे उदाहरण आमच्या दारचेच. १९३७ साली मुंबई इलाख्यात लोकनियुक्त मंत्रिमंडळ आले, आणि त्यानंतर सिमिंग्टन नावाच्या सनदी अधिकाऱ्याकडे आदिवासी भागांच्या पाहणीचे काम आले. डहाणू-उंबरगावकडच्या वारल्यांना जमीनदाराची वेठ कशी करावी लागते, लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी माणूस बायकोसकट कसा बांधला जातो, हे त्याने लिहिले आणि सरकारी छापखान्याने ते छापले. १९४५ साली वारली उठले. ते अहवाल वाचून उठले नाहीत. त्यांना वाचता कोठे येत होते? गोदावरी परुळेकरांनी ती हकीकत ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात पुढे १९७० साली सांगितली. परंतु ‘वेठ वगैरे काही नव्हतेच’ असे म्हणणाऱ्याचे तोंड बंद करायला सरकारच्याच शाईतला कागद लागतो. तो आहे, कारण कोणीतरी तो जपला.

आता जपायचे म्हणजे नेमके काय करायचे? सरकार छापते ते सगळे ठेवायला राजवाडाही पुरणार नाही. निवडावे लागतेच. त्यातली पंचाईत अशी, की ही पुस्तके दुकानाच्या काचेत दिसत नाहीत, त्यांची परीक्षणे येत नाहीत, प्रती थोड्या निघतात आणि संपल्या की संपल्या. म्हणून निवड आधी आणि तत्परतेने करावी लागते. शिवाय ती एकेका पुस्तकाची नसते, मालिकेची असते. चाळीस वर्षांच्या अंदाजपत्रकांतले एक वर्ष गहाळ झाले, तर तोंडातला पुढचा दात पडल्यासारखे होते.

नावांचा घोटाळा तर विचारूच नका. आमच्या सालवडचेच पाहा. १८८२ सालच्या ठाणे गॅझेटियरमध्ये हा मुलूख माहीम तालुक्यात सापडतो. हे माहीम मुंबईचे नव्हे, केळव्याशेजारचे. पुढे तालुक्याला पालघरचे नाव मिळाले. १९६० साली मुंबई राज्य जाऊन महाराष्ट्र आला. २०११ च्या जनगणनेत सालवड ठाणे जिल्ह्यात आहे, कारण पालघर जिल्हा झाला तो १ ऑगस्ट २०१४ रोजी. गाव तसूभरही हलले नाही. पत्ता मात्र बदलत राहिला. एखादा विद्यार्थी पुस्तकांच्या पाठींवर ‘पालघर’ शोधू लागला, तर रिकाम्या हातानेच परत जाईल. ‘पालघर : ठाणे पाहा, माहीम पाहा’ अशी एक ओळ सूचीत घालणे, हे ग्रंथपालाचे अर्धे काम आहे.

उरलेले अर्धे काम मी एकदा चुकलो. जागेची टंचाई होती. राजपत्राच्या पुरवण्या वर्षानुवर्षे कोणी मागितल्या नव्हत्या. ‘हे कोण वाचणार?’ असे म्हणून मी काही वर्षांचे गठ्ठे काढून टाकण्याच्या यादीवर सही केली. त्यानंतर दोन वर्षे झाली असतील. आमच्या बाजूचाच एक तरुण आला. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत त्याच्या आज्याची जमीन गेली होती. मोबदल्याचा वाद घरात तीन पिढ्या धुमसत होता, आणि त्याला पाहिजे होती जमीन घेतल्याची अधिसूचना. त्याने वर्ष सांगितले. मी उठून फडताळाशी गेलो. खरे म्हणजे जाण्याची गरज नव्हती. ती जागा रिकामी आहे हे मला ठाऊक होते.

“नाही मिळत काय, काका?” त्याने विचारले.

खरे काय ते सांगायला मला थोडा वेळ लागला. तो रागावला नाही. रागावता तर बरे वाटले असते. पुढे मुंबईतल्या एका जुन्या संग्रहात तो अंक मिळाला. त्याच्यासोबत मीही गेलो होतो. दोन ओळींत गाव, गट आणि क्षेत्र. आज्याच्या आयुष्यातली सारी शेती तेवढ्यात मावली होती. त्याने त्या ओळींवरून बोट फिरवले आणि नक्कल मागितली.

त्यानंतर माझ्या कामाचा एक नियम झाला. दुबार प्रत खुशाल काढावी, रद्द झालेली परिपत्रके काढावीत. पण ज्या कागदात आपल्या मुलखातल्या गावाचे नाव आहे, तो कोणी मागितला नाही म्हणून काढू नये. मागणारा कदाचित अजून जन्मायचा असेल.

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून एखादा जुना अहवाल, पिवळे राजपत्र, फाटके गॅझेटियर तुमच्याही हाती लागेल. रद्दीवाल्याच्या काट्यावर ठेवण्यापूर्वी त्यावरचे साल आणि गावाचे नाव तेवढे वाचा, आणि जवळच्या ग्रंथालयात विचारून पाहा. चोपडीला हळदकुंकू वाहिले नाही तरी चालेल. ती जपली म्हणजे झाले.