अटॅचमेंटचे नाव का बिघडते?

‘परीक्षा’ नावाची फाईल आपण ई-मेलला जोडतो आणि समोरच्याला नावाऐवजी प्रश्नचिन्हे व रोमन अक्षरांची रांग दिसते. असे का व्हावे?

१९८२ साली ई-मेल वाहून नेण्याचे नियम ठरले, तेव्हा एका अक्षराला ७ बिट दिले गेले. २ चा ७ वा घात म्हणजे १२८; एवढ्या चिन्हांत देवनागरी मावत नाही. १९९२ साली बोरेनस्टाइन आणि फ्रीड यांनी ‘माइम’ हे प्रमाण मांडले, आणि कोणतीही फाईल साध्या अक्षरांत बदलून धाडता येऊ लागली. पत्राचा विषय इतर लिप्यांत लिहिण्याची रीतही त्याच वर्षी आली. पण ती फाईलच्या नावाला लागू नव्हती. नावासाठी वेगळी रीत ठरली १९९७ साली.

अनेक प्रोग्रॅमांनी मात्र विषयाचीच रीत नावालाही लावली. नियम काटेकोर पाळणारा प्रोग्रॅम ती उलगडत नसे, सांकेतिक ओळच नाव म्हणून दाखवी. वापरणारा दोष देई तो त्यालाच!

प्रमाण उशिरा आले की सवय आधी रुजते. म्हणूनच काही प्रोग्रॅम आजही दोन्ही रीतींनी नाव लिहितात. अशा पत्राचा मूळ मजकूर उघडून विद्यार्थ्यांना जरूर दाखवा.