अंजदीव ते मालिंदी : २३ दिवसांची वाट, तीन महिन्यांचा प्रवास

#थ्रेड

वास्को द गामा कालिकतला कसा पोहोचला, हे आपण शाळेत शिकतो. तो परत कसा गेला, हे सहसा सांगितले जात नाही. दर्यावरील आरोग्याचा विचार करायचा, तर ही परतीची वाटच अधिक बोलकी आहे. ती सुरू होते कारवारसमोरच्या अंजदीव बेटापासून. (हे बेट आज गोवा राज्यात मोडते.)

येताना सारे सुरळीत झाले होते. एप्रिल १४९८ मध्ये आफ्रिकेच्या मालिंदी बंदरात त्याला माहीतगार वाटाड्या मिळाला, पाठीशी नैऋत्येचा वारा होता. २३ दिवसांत मलबारचा किनारा दिसला.

परतताना मात्र सामुरीशी बिनसलेले. ऑगस्टअखेर कालिकत सोडले, अंजदीवला जहाजे साफ केली, गोडे पाणी भरले आणि ५ ऑक्टोबरला शिडे उभारली. पावसाळी वारे ओसरलेले, ईशान्येचे अजून स्थिरावायचे. गोरेगावहून पश्चिमेला गेले की वर्सोवा आणि मढ लागतात. नारळी पौर्णिमेआधी होडी न लोटणाऱ्या तिथल्या कोळ्यांना दर्याचेही ऋतू असतात, हे सांगावे लागत नाही. गामाला थांबायला सवड नव्हती.

वारा पडला, फिरला, पुन्हा पडला. तीच वाट कापायला जवळजवळ तीन महिने लागले.

ताफ्यातील एका सहप्रवाशाची रोजनिशी उपलब्ध आहे. हिरड्या सुजून दातांवर चढल्या, खाणे अशक्य झाले, पाय सुजले आणि माणसे मरू लागली, असे तो लिहितो. या एका टप्प्यात ३० जण गेले. तितकेच आधी गेले होते. एकेका जहाजावर काम करू शकणारे सात-आठच उरले.

हा स्कर्व्ही. क जीवनसत्त्व आपले शरीर तयार करू शकत नाही. ताजे अन्न तुटले की एक ते तीन महिन्यांत साठा संपतो. म्हणजे २३ दिवसांच्या प्रवासात रोगाला पुरेसा अवधीच मिळत नाही. माझ्या मते अरबी समुद्रावरील जुन्या नाखव्यांचे खरे औषध वाऱ्याचे पंचांग हेच होते, मग त्यांना त्याचा हा गुण ठाऊक असो वा नसो.

याहून चटका लावणारी गोष्ट पुढे आहे. जाताना मोंबासाच्या राजाने संत्री, लिंबे, ऊस पाठवला होता. आजारी बरे झाले. रोजनिशीकाराने श्रेय दिले तिथल्या चांगल्या हवेला! जानेवारी १४९९ मध्ये मालिंदीला पोहोचताच रुग्णांनी संत्र्यांचाच ध्यास घेतला. ती आणवलीही, पण अनेकांसाठी उशीर झाला होता.

जहाजे तीन, हात अपुरे. ‘साओ राफाएल’ त्यांनी स्वतःच जाळून टाकले.

जेम्स लिंडने १२ रुग्णांवर तुलना करून संत्र्या-लिंबांचा गुण दाखवला तो १७४७ मध्ये. ब्रिटिश आरमारात लिंबाचा रस नियमित शिध्यात यायला १७९५ साल उजाडले.