समूहकृत संकेत व पेठेची पट्टी

एखाद्या पेठेंतील व्यापाऱ्यांनीं आपणांवर आपणच पट्टी बसवून घ्यावी, आणि तिच्या उत्पन्नांतून पेठेंतील दिवे, झाडें व बसण्याच्या जागा यांची तजवीज करावी, ही व्यवस्था आज जगांतील अनेक शहरांत रूढ आहे. तिचा उगम कॅनडांतील टोरांटो शहरीं झाला असें मानितात. तेथील ब्लूर रस्त्याखालील भुयारी आगगाडी १९६८ सालीं पश्चिमेकडे वाढली; ट्राम बंद पडली, व गिऱ्हाईक दुकानांपुढून न जातां जमिनीखालून जाऊं लागलें. नवीं बाजारसंकुलेंही स्पर्धेस उभीं राहिलीं. अशा वेळीं ऐच्छिक वर्गणी पुरी पडत नाहीं. कारण देणारे थोडे व लाभ घेणारे सर्व. म्हणून ऑन्टारिओ प्रांतानें १९६९ सालीं कायदा केला, आणि १९७० सालीं ब्लूर वेस्ट व्हिलेज हा पहिला विभाग स्थापन झाला. पट्टी शहरानें वसूल करावी व व्यापाऱ्यांच्या मंडळाच्या हवालीं करावी, असें तिचें स्वरूप होतें.

ही कल्पना सर्वस्वी नवी आहे काय, इतकाच प्रश्न आम्हांस येथें विचारावयाचा आहे.

बृहस्पतिस्मृतीची समग्र पोथी उपलब्ध नाहीं. निबंधकारांनीं दिलेल्या उताऱ्यांवरून रंगस्वामी अय्यंगार यांनीं ती जुळवून १९४१ सालीं बडोद्याच्या ग्रंथमालेंत प्रसिद्ध केली. तींत समूहाच्या संकेताचे विषय सांगितले आहेत: सभागृह, पाणपोई, देवालय, तलाव व उपवन यांची दुरुस्ती आणि अनाथांचें साहाय्य. असा संकेत लेखारूढ करावा व सर्वांनीं पाळावा. सामर्थ्य असून जो तो मोडील त्याचें सर्वस्व हरण करून त्यास नगरांतून घालवावें, असा दंड आहे. याज्ञवल्क्यही समूहाचें द्रव्य हरण करणारा व संविद् मोडणारा या दोघांस हाच दंड सांगतो. आणि त्यावरील मिताक्षरा कल्याणीच्या चालुक्य राजधानींत लिहिली गेली, हें वाचकांस विदित आहेच.

कौटिल्य याहून मार्मिक बोलतो. त्याचें अर्थशास्त्र म्हैसुरास सांपडलेल्या पोथीवरून शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं छापिलें. एकत्र मिळून बांधावयाच्या सेतूच्या कामांतून जो अंग काढून घेईल त्याचे मजूर व बैल कामास लावावे. त्यानें खर्चाचा वांटा द्यावा, परंतु लाभाचा अंश त्यास मिळूं नये, असें तो म्हणतो. हा नियम ग्रामवसाहतीच्या प्रकरणांतला आहे, पेठेचा नव्हे. तथापि फुकट लाभ घेणाऱ्याचा रोग त्यानें नेमका ओळखिला आहे.

शास्त्रांत सांगितलें तें व्यवहारांत होतें काय? पेहोवा येथील शिलालेख या बाबतींत मोलाचा आहे. हर्षसंवत् २७६, म्हणजे इ. स. ८८२-८३ चा हा लेख प्रतीहार भोजाच्या कारकीर्दींतील असून ब्यूलर यांनीं संपादिलेला आहे. निरनिराळ्या ठिकाणांहून आलेल्या घोड्यांच्या व्यापाऱ्यांनीं जनावरांच्या विक्रीवर ठराविक धर्मादाय बसवून घेतला, आणि त्याची व्यवस्था गोष्ठिकांकडे सोंपविली. पट्टी राजाज्ञेनें नव्हे, तर व्यापाऱ्यांच्या ठरावानें बसली, हें विशेष ध्यानांत घ्यावें.

परंतु एवढ्यावरून ‘आमच्याकडे हें सर्व होतेंच’ असें म्हणणें संशोधनास शोभणार नाहीं. पेहोव्याचा धर्मादाय विक्रीवर होता, जागेवर नव्हता. आणि त्याचें फळ देवालयांस मिळालें, बाजारास नव्हे. याहून मोठा भेद असा कीं, स्मृतींतील दंड संकेत करून तो मोडणारास आहे. ज्यानें आरंभींच संमति दिली नाहीं, त्यास बहुमतानें बांधावयाचें कीं नाहीं, हाच टोरांटोच्या पट्टीचा गाभा आहे. आणि त्याचें उत्तर वरील वचनांत स्पष्ट नाहीं.

तें उत्तर स्मृतींपेक्षां दप्तरांत मिळण्याचा संभव अधिक. म्हणून पोथ्या व दप्तरें जमविणाऱ्या सज्जनांस आमची विनंती आहे कीं, महाजनांच्या, शेट्यांच्या व पेठेच्या पंचांच्या वह्या केवळ जमाखर्चाच्या म्हणून रद्दींत टाकूं नयेत. कोणी किती दिलें हें तर पाहावेंच. परंतु कोणी देण्याचें नाकारलें, आणि पुढें त्याचें काय झालें, ती ओळ सांपडल्यास ती अवश्य उतरून ठेवावी. या प्रश्नाचा निकाल तशा एखाद्या ओळीनेंच लागेल.