होडीनें कोणाचें ऐकावें?

नोकर कितीहि चपळ असला, तरी तो वाटेल त्याची आज्ञा पाळूं लागला तर धन्याला त्याचा उपयोग तो काय? बिनतारी विद्युल्लहरींच्या साह्यानें दुरून चालविल्या जाणाऱ्या होडीच्या इतिहासांत हाच प्रश्न अगदीं पहिल्या दिवसापासून उभा आहे. आज्ञा पाठविणारें प्रेषक यंत्र किनाऱ्यावर आणि ती ऐकणारें ग्राहक यंत्र होडींत, अशी ही जोडी. होडी चालविणें त्या मानानें सोपें ठरलें. तिनें फक्त आपल्याच धन्याचें ऐकावें, हें साधावयास मात्र शंभर वर्षांहून अधिक काळ लागला.

या कथेचा आरंभ १८९८ सालीं न्यूयॉर्क शहरांत झाला. तेथील मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें भरलेल्या विद्युत्प्रदर्शनांत निकोला टेस्ला यानें एका कृत्रिम तलावांत लहानशी लोखंडी होडी सोडली. तिला दोरी नव्हती, तार नव्हती, आंत माणूस बसण्याइतकी जागाहि नव्हती. तरी ती टेस्लाच्या इच्छेप्रमाणें वळे आणि आपले दिवे उघडझांक करी. पाहणाऱ्यांपैकीं कोणी ती जादू मानली, कोणी तिला मनःशक्तीचा प्रभाव म्हटलें, तर आंत शिकविलेलें माकड दडविलें असावें असाहि कोणी तर्क केला! त्याच वर्षीं ८ नोव्हेंबर रोजीं टेस्लाला या युक्तीबद्दल अमेरिकेचें ६१३८०९ क्रमांकाचें पेटंट मिळालें.

होडीच्या पोटांत विजेचे घट, पंखा व सुकाणूं फिरविणारीं यंत्रें आणि लहरींची चाहूल घेणारी धातुकणांची एक नळी, एवढाच संसार होता. फ्रान्समधील ब्रान्ली या शास्त्रज्ञानें १८९० सालीं असें दाखविलें होतें कीं, जवळपास विजेची ठिणगी पडली म्हणजे सुट्या धातुकणांतून वीज वाहूं लागते, आणि ते कण हलविले म्हणजे ती पुन्हां थांबते. टेस्लाच्या होडींत प्रत्येक आज्ञेनंतर ही नळी आपोआप उलटी होई. आज्ञाहि एकच, ती म्हणजे 'पुढचें घर घे'. प्रत्येक लहरीगणिक आंतील चक्र एक घर पुढें सरके, आणि त्या घरानुसार सुकाणूं उजवीकडे वळे, थांबे अथवा डावीकडे वळे.

या रचनेंत एक मोठें वैगुण्य होतें. ठिणगी कोणाची आहे, हें धातुकणांना कळत नाहीं. १८९५ सालीं कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्यें जगदीशचंद्र बोस यांनीं भिंतींपलीकडे लहरी पाठवून घंटा वाजविली व बंदुकीची दारू उडवून दाखविली, तेव्हां दुरून काम करवितां येतें हें लोकांनीं डोळ्यांनीं पाहिलें होतें. पण घंटा चुकून वाजली तर फार बिघडत नाहीं. टेस्लाच्या मनांत आपली होडी युद्धाच्या कामीं यावी असें होतें. आणि स्फोटकांनीं भरलेली नौका शत्रूच्या ठिणगीनें उलट फिरली, तर ती पाठविणाऱ्याच्याच जिवावर बेतावयाची.

यावर पहिला उपाय सुचला तो सुरांचा. सारंगीची मुख्य तार छेडली कीं, खालच्या तरफांपैकीं जी त्या सुरांत लावलेली असेल तीच झंकारते. बाकीच्या स्वस्थ राहतात. विजेच्या मंडलांचेंहि असेंच आहे. ऑलिव्हर लॉज यानें १८८९ सालीं विद्युत्संचय करणाऱ्या दोन बरण्या एका सुरांत लावून हें दाखविलें, आणि १८९७ सालीं त्यावर पेटंट मागितलें. पुढें १९०० सालीं मार्कोनीनें ७७७७ क्रमांकाचें सुप्रसिद्ध ब्रिटिश पेटंट मिळविलें, तेंहि प्रेषक व ग्राहक यांचा सूर जुळविण्यासंबंधींच होतें. टेस्लाच्या होडींतहि अशी सुरावट होतीच.

परंतु सूर जुळविणें निराळें आणि दाराला कुलूप लावणें निराळें. जून १९०३ मध्यें लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें फ्लेमिंग हे मार्कोनीच्या पद्धतीवर व्याख्यान देत होते. मार्कोनीचा संदेश दूर कॉर्नवॉलहून यावयाचा होता. तो येण्यापूर्वींच ग्राहक यंत्र खडखडूं लागलें, आणि त्यांतून मार्कोनीची टवाळी करणारे शब्द उमटले. नेव्हिल मास्केलिन नांवाच्या एका जादूगारानें, जो बिनतारी विद्येचाहि जाणकार होता, जवळच आपलें प्रेषक यंत्र मांडून हा चमत्कार घडविला होता. मोठ्या आवाजापुढें सुरांचा विवेक टिकत नाहीं, हें त्या दिवशीं चारचौघांत सिद्ध झालें.

टेस्लानें हा धोका आधींच ओळखला होता. जुलै १९०० मध्यें त्यानें अर्ज केले व १९०३ सालीं त्याला दोन पेटंटें मिळालीं. त्यांतील कल्पना अशी कीं, ग्राहकानें दोन निरनिराळ्या कंपनसंख्यांच्या लहरी एकदम आल्या तरच हालचाल करावी. एकच आली तर जागचें हलूं नये. जणूं दोन किल्ल्यांवांचून न उघडणारी तिजोरी!

तिसरी कल्पना अनपेक्षित ठिकाणाहून आली. ११ ऑगस्ट १९४२ रोजीं अमेरिकेंत २२९२३८७ क्रमांकाचें पेटंट मिळालें, तें चित्रपटतारका हेडी लॅमार आणि संगीतकार जॉर्ज अँथील या दोघांना. पाण्यांतून जाणाऱ्या टॉर्पेडोला दुरून वळवावयाचें तर शत्रू त्याच कंपनसंख्येवर गोंगाट करून आज्ञा बुडवील; म्हणून कंपनसंख्या सारखी बदलत ठेवावी, असें त्यांनीं सुचविलें. आपोआप वाजणाऱ्या पियानोंत भोंके पाडलेली कागदाची गुंडाळी असते. तशीच एक गुंडाळी प्रेषकांत व तिचीच प्रतिकृति ग्राहकांत बसवावी आणि दोन्ही एकाच क्षणीं सुरू कराव्या. पियानोच्या पट्ट्या ८८, म्हणून कंपनसंख्याहि ८८. त्या युद्धांत अमेरिकन आरमारानें ही युक्ति वापरली नाहीं.

इकडे हौशी लोकांच्या तळ्यांवर प्रश्न अधिक घरगुती होता. दोन मित्रांनीं एकाच वेळीं होड्या सोडल्या तर कोणाची कोणाचें ऐकणार? पुढें सेकंदाला सुमारें २ कोटी ७० लक्ष कंपनांच्या पट्ट्यांत सहा जागा ठरल्या, आणि तपकिरी, तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा व निळा असे सहा रंग त्यांना मिळाले. ज्या रंगाचा स्फटिक यंत्रांत, त्याच रंगाचें फडकें प्रेषकाच्या काठीवर. मौज अशी कीं, एका रंगाच्या जोडींतील दोन स्फटिक एकाच कंपनसंख्येचे नसत. ग्राहकांतील स्फटिक सामान्यतः ४ लक्ष ५५ हजार कंपनांनीं कमी असे. येणारी लहर आणि आंतली लहर यांच्या वजाबाकींतून उरे तीच आज्ञा पुढें वाढविली जाई. दोन स्फटिकांची अदलाबदल झाली कीं होडी ठार बहिरी. क्लबांत तळ्याकांठीं फळीवर रंगीत चिमटे टांगलेले असत. चिमटा ज्याच्या हातीं, त्यानेंच त्या रंगाचें यंत्र सुरू करावें, असा शिरस्ता होता. यंत्राला जें साधत नव्हतें, तें माणसांच्या शिस्तीनें साधलें जाई.

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत सेकंदाला सुमारें २४० कोटी कंपनांचीं यंत्रें हौशी लोकांच्या हातीं आलीं, आणि रंगांचें राज्य बहुतेक संपलें. आतां प्रत्येक प्रेषकाला स्वतःचा असा एक अंक असतो. पहिल्या वेळीं दोन्ही यंत्रें जवळ ठेवून ठराविक कृति केली कीं, ग्राहक तो अंक पाठ करतो आणि पुढें त्या अंकावांचून आलेली आज्ञा मानीत नाहीं. अशा कित्येक जोड्या कंपनसंख्याहि ठरल्या क्रमानें बदलीत राहतात. मात्र निरनिराळ्या कारखान्यांच्या यंत्रांची बोली निराळी असते. पट्टा एकच असला तरी एकाचा प्रेषक व दुसऱ्याचा ग्राहक यांची ओळख बहुधा पटत नाहीं. शिवाय या पांच इंची लहरी पाण्यांत शिरतांच विरतात. म्हणून होडीची आकाशतार पाण्याच्या वर ठेवावी लागते, आणि बुडी मारणाऱ्या खेळण्यांतील पाणबुड्यांना अजून जुन्या, लांब लहरीच लागतात.

धन्याची ओळख पटविण्याबरोबर आणखी एक गोष्ट या ग्राहकांना शिकविली गेली आहे. हांक ऐकूं येईनाशी झाली, तर आधीं ठरवून दिल्याप्रमाणें ते पंखा बंद करतात, आणि होडी वाऱ्यावर तरंगत राहते. टेस्लाच्या होडीला ही समज नव्हती. धनी गप्प झाला तरी शेवटची आज्ञा पाळीत ती घट संपेपर्यंत तशीच चालत राहिली असती.