पितळी देव (खानदेशातील देव्हारा)

पितळी देव : घरच्या देव्हाऱ्यात रोजच्या पूजेसाठी ठेवलेल्या पितळेच्या लहान, बहुधा ओतीव मूर्ती. मंदिरातली पाषाणमूर्ती गावाची. हे देव घराचे. जळगाव जिल्ह्यात तापीच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या यावल गावी आणि भोवतीच्या केळीच्या पट्ट्यात जुन्या धाब्याच्या घरांतून त्यांची जागा जाड मातीच्या भिंतीतल्या कोनाड्यात असे. आता स्लॅबच्या घरात सागवानी किंवा संगमरवरी देव्हारा आला, पण आत बसणारी मंडळी फारशी बदलली नाहीत. गणपती, रांगता बाळकृष्ण, अन्नपूर्णा, विठ्ठल-रखुमाई, नागाचा फणा धरलेली महादेवाची पिंड, नंदी, आणि कुलदैवताचे टाक.

पितळ हा शब्द संस्कृत ‘पित्तल’वरून आला. अमरकोशात या धातूला ‘रीति’ आणि ‘आरकूट’ अशी नावे आहेत. मराठीने मात्र या धातूला फारसा मान दिलेला नाही. सोन्याचा आव आणणाऱ्याचे पितळ उघडे पडते, चांदीचे कधी पडत नाही. ज्या धातूच्या नावाने भाषा लबाडी ओळखते, त्याच धातूचा देव करून माणसे पहाटे त्याच्यापुढे हात जोडतात, ही गंमत ध्यानात घ्यावी अशी आहे. त्याचा खुलासा बहुतेक देव्हाऱ्यातच सापडतो. तिथे पितळ कुणाची नक्कल करत नाही. त्याचा पिवळा रंग हळदीचा, भंडाऱ्याचा, पीतांबराचा म्हणून घेतला जातो. शिवाय लोखंड गंजते, मातीची मूर्ती पाण्यात टिकत नाही आणि चांदी सर्वांना परवडत नाही. रोज अंघोळ घालायची तर देव पितळेचा बरा.

धातूच्या मूर्तीला शास्त्राचा आधार आहे. भागवत पुराणाच्या अकराव्या स्कंधात प्रतिमेचे आठ प्रकार सांगितले आहेत. दगड, लाकूड, धातू, लेप, चित्र, वाळू, रत्न आणि नुसते मन. त्यात धातूची मूर्ती सहसा ‘चल’ म्हणजे हलवता येणारी असते. मत्स्यपुराण घरातल्या मूर्तीची उंचीही ठरवून देते. अंगठ्याच्या पेरापासून वितीपर्यंत, त्याहून मोठी नको. खानदेशातले पितळी देव या मापात चपखल बसतात, आणि ते पुराण वाचून नव्हे. ताम्हनात मावेल, ओल्या हातात धरता येईल, गाव सोडताना फडक्यात बांधता येईल एवढाच देव सोयीचा असतो.

रांगता बाळकृष्ण, ज्याला बायका ‘लंगडा बाळकृष्ण’ही म्हणतात, हा या सगळ्यांत सर्वाधिक हाताळला जाणारा देव. एक हात आणि एक गुडघा जमिनीला, दुसऱ्या हातात लोण्याचा गोळा, मान वर करून कुणाकडे तरी पाहतो आहे. जुन्या मूर्तींना खाली बैठक नसते. हात, गुडघा आणि पायाचा अंगठा एवढ्या टेकूंवर देव उभा राहतो आणि ताम्हनात पाणी ओतले की कलंडतो. पूजा करणारी बाई डाव्या हाताच्या दोन बोटांनी त्याला सावरते, उजव्या हाताने पळीभर पाणी घालते. सावरण्याची ती बोटे रोज एकाच जागी टेकतात, म्हणून पाठ आणि कुल्ले गुळगुळीत होऊन सोन्यासारखे चकाकतात. कानामागे, कमरेच्या करगोट्याच्या खाचेत मात्र गंधाचा आणि काजळीचा काळा थर बसलेला असतो, तो काडीने टोकरून काढावा लागतो. दोन-तीन पिढ्यांत नाक बसते, डोळे पुसट होतात, लोण्याचा गोळा आणि मूठ एकच होऊन जाते. मूर्तिशास्त्राच्या पुस्तकात बाळकृष्णाचा अर्थ वात्सल्यभक्ती असा एका शब्दात दिलेला असतो. तो शब्द या झिजलेल्या पाठीवर प्रत्यक्ष दिसतो. गोकुळाष्टमीला हाच देव पाळण्यात घालतात. त्या दिवशी त्याला अंगडे-टोपडे असते. एरवी तो उघडाच.

अन्नपूर्णा ही मांडी घालून बसलेली, दोन्ही हातांत आडवी पळी धरलेली देवी. तिची बसण्याची जागा म्हणजे तांदळाने भरलेली वाटी. महाराष्ट्रातल्या अनेक समाजांत लग्नात गौरीहर पुजताना नवरी अन्नपूर्णेपुढे बसते आणि तीच मूर्ती माहेरून सासरी नेते. बऱ्याच ठिकाणी जोडीला बाळकृष्णही असतो. म्हणजे देव्हाऱ्यातला एक देव तरी बाईच्या माहेरचा. सासरच्या कुलदैवताच्या टाकांशेजारी तो बसतो आणि त्याची पूजा बंद पडत नाही. घर कुणाचे या प्रश्नाला देव्हारा असे दुहेरी उत्तर देतो. वाटीतले तांदूळ ठरावीक दिवशी बदलतात आणि काढलेले शिजणाऱ्या भातात मिसळतात, फेकत नाहीत. खानदेश हा ज्वारी-बाजरीचा मुलूख, रोजच्या ताटात कळण्याची भाकरी, पण अन्नपूर्णेच्या वाटीत बहुधा तांदूळच. क्वचित गहू. देवीलाही पाहुणचाराचेच धान्य लागते असे दिसते.

टाक हा वेगळा प्रकार. तो ओतीव नसून पत्र्यावर मागून ठोकून उठवलेला असतो. चांदीचा, आणि ऐपत नसेल तिथे पितळेचा किंवा तांब्याचा. खंडोबाच्या टाकावर घोड्यावरचा खंडोबा, मागे म्हाळसा, हातात तलवार, पायाशी कुत्रा एवढे तळहाताहून लहान पत्र्यात मावलेले असते. वणीची सप्तशृंगी ही खानदेशातल्या पुष्कळ कुळांची देवी. तिच्या अठरा भुजा अंगठ्याएवढ्या पत्र्यावर कशा उठवायच्या हा कारागिराचा प्रश्न, आणि त्याचे उत्तर म्हणजे खांद्यांपासून निघालेल्या पंख्याच्या काड्यांसारख्या रेघा. पुजणाऱ्याला तेवढे पुरते. यावल तालुक्यात फैजपूरला खंडोबाचे देवस्थान आहे. चंपाषष्ठीला, म्हणजे मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, घरोघर टाक ताम्हनात घेऊन भंडारा-खोबऱ्याने तळी भरतात आणि भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवतात. चातुर्मासात सोडलेले वांगे त्या दिवशी परत चुलीवर येते. भरिताच्या वांग्यांसाठी नावाजलेले बामणोद याच तालुक्यातले, तेव्हा या नैवेद्याची इथे कुणाला आठवण करून द्यावी लागत नाही.

भाऊ वेगळे झाले की शेत, घर, भांडी वाटली जातात. टाक वाटत नाहीत. मूळ देव सहसा थोरल्याकडे राहतो आणि बाकीचे नवे टाक करून घेतात. ते सोनाराकडून आले म्हणजे लगेच देव होत नाहीत. पूजा-अभिषेक होईतो त्या केवळ वस्तू असतात. पुढे काही वर्षांनी ते कुलदैवताच्या ठाण्यावर ‘भेटीला’ नेण्याची चाल आहे. चल मूर्तीचा खरा अर्थ इथे कळतो. देव फडक्यात बांधून प्रवास करतो आणि आपल्या मूळ घरी जाऊन येतो.

पितळ हे या भागातले देवाचे एकमेव रूप नव्हे, हे सांगितले नाही तर चित्र खोटे पडेल. खानदेशाची सर्वांत लाडकी देवी कानबाई. ती श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी येते ती नारळाच्या रूपात. नारळाला डोळे, नथ, दागिने आणि साडी. घरच्यांनीच खायचे रोट. आणि सोमवारी नदीवर निरोप. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत मुलींची गुलाबाई बसते ती मातीची. वर्षभर एकाच जागी बसून अंघोळ घेणारे देव पितळेचे आणि पाहुणी येऊन जाणाऱ्या देवी नारळ-मातीच्या, अशी ही विभागणी ठोकळ मानाने करता येते. शिवाय खानदेशात महानुभाव पंथाची घरेही पुष्कळ आहेत. तिथे देवांची अशी मांडणी नसते. पंचकृष्ण या पाच अवतारांचे स्मरण आणि त्यांच्या स्पर्शाने पावन मानलेले ‘विशेष’ यांना मान असतो. यावलला गुरुपौर्णिमेला ज्यांच्या दर्शनासाठी गर्दी होते ते महर्षी व्यासही घरच्या पितळी मंडळीत क्वचितच दिसतात. गुरू देवळात आणि पोथीत, देव्हाऱ्यात गणगोत.

या मुलखातली धातुमूर्तीची परंपरा जुनी आहे. यावलच्या शेजारच्या चोपडा तालुक्यातील चहार्डी येथे मिळालेली, भोवती इतर तीर्थंकर असलेली ऋषभनाथांची ९व्या शतकातील जैन मूर्ती मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. ती ब्राँझ म्हणून नोंदलेली आहे. पितळ त्या मानाने अवघड धातू होता. त्यात ढोबळमानाने ६० ते ७० टक्के तांबे आणि बाकी जस्त असते. तांबे १०८५ अंश सेल्सिअसला वितळते, तर जस्त ९०७ अंशांनाच उकळून वाफ होते. म्हणून भट्टीतून जस्त शुद्ध काढणे ही मोठी विद्या होती. राजस्थानात उदयपूरजवळच्या जावर येथे ते ऊर्ध्वपातनाने मोठ्या प्रमाणावर काढले जाई. आजही ओतताना मुशीच्या तोंडावर पांढरा धूर आणि कापसासारखी राख उडते, ती या जळणाऱ्या जस्ताची.

देव ओतणारा तो ओतारी. त्याची जुनी रीत मेणाची. मेणात राळ मिसळून देव घडवायचा, त्यावर बारीक मातीचे थर चढवायचे, वाळल्यावर तापवून मेण वितळवून काढायचे आणि त्या पोकळीत रस ओतायचा. माती फोडल्याशिवाय देव बाहेर येत नाही, म्हणून एका साच्यातून एकच देव. आज जिल्ह्याच्या बाजारपेठांत मिळणाऱ्या मूर्ती बहुतांशी अलीगढ, मुरादाबादकडून येतात आणि वाळूच्या दुभागी साच्यातून निघतात. ओळखायची खूण सोपी आहे. मूर्तीच्या कडेने, कानावरून खांद्यापर्यंत, कानसीने घासलेली सांध्याची रेघ बोटाला लागते. जुनी माणसे अजून मूर्ती हातात तोलून पाहतात. देव भरीव हवा, पोकळ नको, असा दंडक आहे. ‘पंचधातू’ म्हणून विकली जाणारी मूर्ती पुष्कळदा साधे पितळच असते. इथे मात्र वाक्प्रचारातले पितळ खरोखर उघडे पडते.

पितळ हवेने आणि हाताच्या घामाने काळवंडते. सणावाराआधी, विशेषतः दिवाळीच्या तोंडावर, देव उजळण्याचा कार्यक्रम घरोघर होतो. भिजवलेली चिंच, मीठ, चुलीची राख किंवा रांगोळी, अलीकडे पितांबरीची पूड. चिंच-राखेची ही युक्ती केवळ आजीबाईंची नव्हे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात तांबे, लोखंड, कासे, पितळ यांच्या शुद्धीसाठी क्षार, आम्ल आणि पाणी हेच सांगितले आहे. पण आंबट जास्त वेळ राहिले तर वरच्या थरातले जस्त निघून जाते आणि देव लालसर दिसू लागतो. पंचामृतातले दहीही आंबटपणामुळेच पितळेत कळकते, म्हणून अभिषेक आटोपता घेतात आणि तीर्थ लगेच दुसऱ्या वाटीत काढतात.

मूर्तीचा हात-पाय तुटला, तडा गेला तर ती पूजेतून काढून नदीत विसर्जित करण्याचा रिवाज आहे. मोडीत घालत नाहीत, मग पितळेचा भाव कितीही असो. झिजलेली मूर्ती मात्र खंडित मानत नाहीत. नाक-डोळे गेलेला बाळकृष्ण आपल्या जागी राहतो. बाजारातल्या नव्या मूर्तींवर आता चकाकी टिकावी म्हणून पारदर्शक लॅकरचा थर दिलेला असतो. त्यावर चिंच चालत नाही, आणि वर्षभरात थर जागोजाग सुटून खाली काळे डाग पडतात. म्हणून कित्येक घरी नवा देव आणला की आधी सोड्याच्या कढत पाण्यात टाकतात, कापडाने ते पातळ सालपट ओढून काढतात, आणि मगच त्याला चिंच लावतात.